एक मोठा वाय

प्रश्न साधाच होता आणि विचारणारीनं तो बिचकतच विचारला होता. 'ताई, प्रश्न खुळ्यासारखा असेल तर सोडून द्या. तुमच्या एकशे बाराव्या टिपेत तारीख लिहिताना वर्षासाठी चार छोटे वाय (yyyy) आहेत आणि एकशे चाळीसाव्या टिपेत चार मोठे (YYYY). मी दोन्ही चालवून बघितले, उत्तर सारखंच येतं. मग फरक काय? – कादंबरी, सातारा.'

अनुया देवस्थळी सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या फ्लॅटमध्ये ओट्याशी उभी राहून हे फोनवर वाचत होती. शनिवार होता, डिसेंबरची सत्तावीस तारीख. शाळेला सुट्टी असल्यानं लेक जाई पोहायच्या पिशवीची चेन उघडझाक करत दाराशी थांबली होती. अनुयानं उत्तर लिहायला सुरुवात केली, 'फरक काही नाही, माझ्या हातून चुकून मोठा' – आणि तिथेच तिचं बोट थांबलं.

फरक होता. वर्षभर तो दिसत नाही, इतकंच.

छोटा वाय म्हणजे आपलं नेहमीचं वर्ष. मोठा वाय वर्ष मोजतो ते आठवड्यांच्या हिशोबानं. ज्या आठवड्यात एक जानेवारी येते तो सगळाच्या सगळा आठवडा त्याच्या लेखी नव्या वर्षाचा. तीनशे साठ दिवस दोघांचं उत्तर एकच येतं. डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत मात्र मोठा वाय एक वर्ष पुढे उडी मारतो. येती एक जानेवारी गुरुवारी होती. सिंगापूरमधल्या फोनचा आठवडा रविवारी सुरू होतो. म्हणजे उडी उद्याच.

"ममा, coming or not?" जाईनं विचारलं.

"बाबाबरोबर जा," अनुया म्हणाली आणि तिनं लॅपटॉप उघडला.

'चार ओळी' ही तिची साइट होती. नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून सिंगापूरला आल्यापासून ती एका मालवाहतूक कंपनीत मोबाइल ॲप बनवत होती, आणि गेली तीन वर्षं सुट्टीच्या सकाळी एखादी टीप लिहायची. फोन आडवा केला की स्क्रीन पुसली जाते ती कशी थांबवायची. विंडोजवरच्या ॲपची खिडकी बंद केली तरी ते कोपऱ्यात जागं कसं ठेवायचं. नेट गेलं तर भरलेला फॉर्म कसा जपायचा. वर चार-सहा ओळींचा कोड आणि खाली तो का तसा लिहिला याचं साध्या मराठीत स्पष्टीकरण. नोकरीला लागली तेव्हा इंग्रजी पुस्तकातलं एकेक पान तिला तीन-तीनदा वाचावं लागायचं. तसं दुसऱ्या कुणाला लागू नये, एवढाच हेतू. लोक कोड उचलून नेत, कधीमधी खाली आभार लिहीत. उचलून नेलेल्या कोडचं पुढे काय होतं हा विचार तिच्या मनात कधी आला नव्हता.

एकशे चाळीसावी टीप तिनं याच वर्षीच्या जानेवारीत लिहिली होती. नाव होतं, 'रोज ठरल्या वेळी आठवण'. गजर वाजला की हा कोड उद्याची तारीख काढतो, फोनमध्ये लिहून ठेवतो आणि त्या तारखेला पुढचा गजर लावतो. तिनं तो चालवला आणि त्याला उद्याची तारीख मागितली. उत्तर आलं, अठ्ठावीस डिसेंबर दोन हजार सव्वीस.

एक वर्षानंतरची.

खाली अकरा जणांनी आभार मानले होते. एकानं कोड झाडांना पाणी घालायच्या आठवणीसाठी वापरला होता, एकीनं तबल्याच्या रियाजासाठी. सातवी नोंद जूनमधली होती. 'मनापासून धन्यवाद. तुमचा कोड आमच्या ॲपमध्ये आहे. हृदयाची शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या पेशंट्सना रोज सकाळी आठला गोळ्यांची आठवण करून देतो. नोव्हेनातल्या एका रुग्णालयात मेपासून सुरू आहे. – शैलेंद्र.'

आज सकाळी आठला त्या सगळ्या फोनांवर गजर वाजला असणार. आणि वाजता वाजताच प्रत्येक फोननं पुढचा गजर लावला असणार, पुढच्या डिसेंबरचा. चूक उद्या होणार नव्हती, अडीच तासांपूर्वी होऊन गेली होती. ती कळायची होती फक्त उद्या.

जाईचा बाबा, विक्रांत, घराची किल्ली शोधत आत आला. तिचा चेहरा पाहून त्यानं जाईला टीव्ही लावून दिला आणि खुर्ची ओढून बसला. तिनं सगळं सांगितलं. तो बँकेत जोखीम विभागात होता; ऐकताना मध्ये बोलायचं नाही ही त्याची सवय.

"कोड तू त्यांना दिला नव्हतास," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी उचलला. वापरण्याआधी तपासणं त्यांचं काम."

"बरोबर."

"टीप दुरुस्त कर. त्या शैलेंद्रला निनावी मेल टाक, अमुक ओळ बघा म्हणून. पण 'माझी चूक' असं लिहून देऊ नकोस. तुझ्या करारात काय आहे माहीत आहे ना? बाहेरचं काही करायचं तर कंपनीची लेखी परवानगी हवी. तू घेतली आहेस?"

तिनं घेतली नव्हती. पैसे मिळत नाहीत तर परवानगी कशाला, असं तिला वाटलं होतं.

"एप्रिलमध्ये तुझ्या इथं नोकरी करायच्या पासचं नूतनीकरण आहे," विक्रांत म्हणाला. "मी घाबरवत नाहीये. माहीत असू दे म्हणून सांगतोय."

"त्याला मेल सोमवारी दिसला तर?"

विक्रांतनं लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला.

तिनं आधी टीप दुरुस्त केली. चार मोठे वाय छोटे केले आणि वर लाल अक्षरांत लिहिलं, 'हा कोड आजपूर्वी घेतला असेल तर तो उद्यापासून बंद पडणार आहे. आत्ता बदला.' मग अकराही जणांना, जिथे पत्ता होता तिथे, स्वतःच्या नावानं मेल पाठवला. झाडंवाल्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं. शैलेंद्रचं आलं नाही. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर तिनं विचारलं, आणि अकरा चाळीसला सेरंगूनहून एका बाईंचा फोन आला.

"मी मीनल, शैलेंद्रची बायको. तो विमानात आहे हो. पावणेदहाला निघाला मुंबईला. सव्वातीनशिवाय फोन लागायचा नाही."

"त्यांच्या कंपनीत दुसरं कुणी?"

"तिघंच आहेत. एकजण जपानला फिरायला गेलाय, दुसरीचं बाळंतपण झालंय परवा. काय झालंय?"

अनुयानं थोडक्यात सांगितलं.

"नोव्हेनाच्या रुग्णालयात चौथ्या मजल्यावर सिस्टर तान म्हणून आहेत," ती म्हणाली. "ॲप पेशंट्सना त्याच शिकवतात. शैलेंद्र शनिवारी जायचा त्यांच्याकडे, म्हणून माहीत आहे. पण त्यांचं टेबल एकला बंद होतं. मी रुग्णालयात फोन लावून बघते, तुम्ही निघा."

टॅक्सीचं ॲप वीस मिनिटं थांबा म्हणत होतं. अनुया लॅपटॉप पाठीला लावून धावतच स्टेशनवर गेली. गाडीत बसल्यावर तिनं तीच ओळ पुन्हा चालवली, आज, उद्या, परवा, एकतीस तारीख. काहीतरी निसटलं असेल, मोठा वाय शैलेंद्रनंच छोटा केला असेल, अशी आशा सुटत नव्हती. असं असेल तर आपण एका अनोळखी रुग्णालयात जाऊन फुकट गोंधळ घालणार होतो. सेरंगूनला गाडी बदलताना तिला वाटलं, विक्रांतचं ऐकावं आणि इथूनच मागे फिरावं. पुढची गाडी येऊन उभी राहिली आणि ती चढली.

चौथ्या मजल्यावर पोचली तेव्हा एक वाजायला वीस मिनिटं होती. सिस्टर तान पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या बाई होत्या. टेबलावरच्या फायली कपाटात ठेवता ठेवता त्यांनी ऐकून घेतलं. मीनलचा फोन त्यांच्यापर्यंत पोचलेला नव्हता.

"तुम्ही ॲपच्या कंपनीतल्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"रुग्णालयाशी काही संबंध?"

"नाही. त्या ॲपमधल्या चार ओळी मी लिहिल्या आहेत. मी त्या इंटरनेटवर ठेवल्या होत्या, त्यांनी तिथून घेतल्या."

सिस्टर तान यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. असली माणसं त्यांच्या टेबलाशी रोज येत नसावीत. त्यांनी खणातून शिकवण्यासाठी ठेवलेला टॅबलेट काढला, ॲप उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. 'पुढची गोळी: २८ डिसेंबर, सकाळी ८.००.'

"उद्याचंच आहे," त्या म्हणाल्या.

शैलेंद्रनं ती ओळ बदलली असेल? की स्क्रीनवर वर्ष दाखवायचंच त्याला सुचलं नसेल?

"मला पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "या टॅबलेटचं घड्याळ पुढे न्यायचं आहे."

"कशाला?"

"उद्या काय होणार ते आज बघायला. पेशंटच्या माहितीला मी हात लावणार नाही. तुम्हीच करा, मी सांगते."

सिस्टर तान यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, फाइल बाजूला ठेवली आणि टॅबलेटच्या सेटिंगमध्ये गेल्या. तारीख अठ्ठावीस डिसेंबर, वेळ सात एकोणसाठ. टॅबलेट टेबलावर ठेवून दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. बाहेर कुणीतरी व्हीलचेअर ढकलत गेलं. आठ वाजले. आठ वाजून एक मिनिट झालं. टॅबलेट गप्प होता.

"आवाज बंद असेल," सिस्टर तान म्हणाल्या. त्यांनी तपासलं. आवाज पूर्ण चालू होता.

"आता फक्त वर्ष बदला," अनुया म्हणाली. "तारीख हीच, सात एकोणसाठच. वर्ष दोन हजार सव्वीस."

आठ वाजले आणि टॅबलेट खणखणून वाजला. पडद्यावर गोळीचं चित्र आलं, खाली लिहिलेलं, 'औषध घ्यायची वेळ झाली.' सिस्टर तान यांनी तो बंद केला नाही. थोडा वेळ तो तसाच वाजत राहिला.

"म्हणजे सगळ्यांचे फोन," त्या हळू म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वाजणार."

"हो. आणि स्क्रीनवर उद्याचीच तारीख दिसत राहणार."

"यातल्या काहींच्या रक्तवाहिनीत नुकती जाळी बसवली आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांनी चुकवायची नसते. आम्हीच त्यांना सांगितलंय, लक्षात ठेवायची गरज नाही, फोन सांगेल." त्यांनी टॅबलेट बंद केला. "एकशे त्र्याऐंशी माणसं आहेत."

त्यांनी लगेच फोन लावला नाही. कपाटातून एक कोरा कागद काढून तो अनुयापुढे ठेवला.

"डॉक्टरांना सुट्टीच्या दिवशी बोलवायचं, दोन नर्सना थांबवायचं, आणि कारण काय, तर एक बाई रस्त्यावरून आली? मला हे लेखी हवं. काय बिघडलंय, कशामुळे, आणि तुम्हाला ते कसं माहीत. नाव, पासचा नंबर, सही."

अनुयानं पेन हातात घेतलं. विक्रांतचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. 'मला एक त्रुटी आढळली' असं लिहिता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण पुढचा प्रश्न तर तोच होता, तुम्हाला कसं माहीत. तिनं लिहिलं, 'ही ओळ मी लिहिली. त्यात माझी चूक आहे.' खाली सगळा तपशील, पूर्ण नाव, पासचा नंबर. मग सही केली.

सिस्टर तान यांनी कागद वाचला, त्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि मग फोन उचलला. दहा मिनिटांत चौथ्या मजल्यावरचे बंद होत आलेले दिवे पुन्हा लागले. दोन नर्स आल्या, याद्या छापल्या गेल्या. पेशंटची नावं अनुयाला दाखवणं शक्य नव्हतं, त्यामुळे तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आतून मँडरिन, मलाय, तमिळ, इंग्रजी ऐकू येत होतं. शब्द कळले नाहीत तरी सूर कळत होता. घाबरू नका, तब्येतीचं काही नाही, फक्त उद्यापासून गोळी घड्याळ बघून घ्या. मध्येच कुणी ऐकू कमी येणारं असावं, तेच वाक्य चार वेळा मोठ्यानं सांगितलं जाई.

सव्वातीनला नाही, तीन चाळीसला शैलेंद्रचा फोन आला. मागे विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या.

"मीनलनं सांगितलं. मी लाइनीत उभा राहून कोड बघितला," तो म्हणाला. "आहे. जसाच्या तसा आहे." पुढे त्यानं विचारलं, "तुम्ही ती टीप तपासली नव्हती?"

"तपासली होती. जानेवारीत. तेव्हा बरोबर चालत होती."

"आम्हीही तपासली होती. मे महिन्यात."

मागून कुणीतरी त्याला पुढे सरका म्हणालं.

"अहो, मी चिडलोय, पण नक्की कुणावर ते मलाच कळत नाहीये," तो म्हणाला. "आत्ता काय करायचं ते बोलू. नवी आवृत्ती पाठवली तर स्टोअरवाले तपासणार, लोक ती उतरवून घेणार, त्यात उद्याची सकाळ जाईल."

"तुमच्या सर्व्हरवरून फोनवर थेट संदेश जातो का? गजराशी संबंध नसलेला?"

"जातो. डॉक्टरांची रजा वगैरे कळवायला ठेवलाय."

"मग तोच पाठवा. तारीख-बिरीख काही काढायला लावू नका, साधा मजकूर. चार भाषांत. मजकूर सिस्टर तान देतील."

"पाठवतो. माझ्याकडे लॅपटॉप आहे." मग त्यानं विचारलं, "तुम्ही तिथे स्वतः गेलात?"

"हो."

"मी असतो तर मेल टाकला असता," शैलेंद्र म्हणाला, आणि फोन ठेवला.

चार वाजून दहा मिनिटांनी तो संदेश सिस्टर तान यांच्या टॅबलेटवर टण्णकन आला. तरीही त्यांनी फोन करणं थांबवलं नाही. संदेश आला म्हणजे वाचला असं नाही, त्या म्हणाल्या. सहा वाजता त्या बाहेर आल्या, अनुयाच्या हातात डब्यातलं गरम सोयामिल्क ठेवलं आणि शेजारी बसल्या.

"एकशे ऐंशी झाले. तिघं उचलत नाहीत. दोघांच्या मुलांना निरोप दिलाय."

"आणि तिसरं?"

"एक आजी आहेत. एकट्या राहतात. उद्या सकाळी साडेसातला मी त्यांच्या दाराशी जाईन. मला वाटेवरच आहे." त्या उठल्या. "तुम्ही घरी जा आता."

रविवारी सकाळी आठला अनुया फोन हातात धरून खिडकीशी उभी होती. आठ दहाला मेसेज आला. आजी घरी होत्या, गोळी घेतली, नर्सला चहासाठी बसवून ठेवलंय. दुपारी आणखी एक मेसेज आला. निरोप मिळालेला एक मुलगा वडिलांना सांगायलाच विसरला होता. त्या गृहस्थांनी गोळी दुपारी बाराला घेतली. डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळी बोलावून तपासलं. काही झालं नव्हतं. पण दुपारपासून संध्याकाळपर्यंतचे ते तास अनुयाला फार जड गेले. ती न जेवता बसून राहिली, आणि विक्रांतनं तिला जेव म्हटलं नाही. संध्याकाळचा मेसेज आल्यावर त्यानं खिचडी टाकली.

"मी चुकीचा सल्ला दिला होता," तो कुकरकडे बघत म्हणाला.

"बरोबर दिला होतास. मला ऐकता आला नाही."

सोमवारी सकाळी, रुग्णालयाकडून कंपनीला कळायच्या आत, अनुया स्वतः मॅनेजरच्या खोलीत गेली. निहार मेहता तिच्याच वयाचा होता, मुंबईचा. त्यानं ऐकलं, दोनदा डोळे मिटले, आणि हे मला वर कळवावं लागेल म्हणाला. दोन आठवडे काहीच कळलं नाही. त्या दिवसांत ती ऑफिसात पोचली की आधी आपलं कार्ड दाराला लागतंय का ते बघायची. मग पत्र आलं, लेखी ताकीद, फायलीत कायमची. साइट बंद करायची नाही, पण नवी टीप टाकण्याआधी कंपनीला दाखवायची. एप्रिलच्या नूतनीकरणाबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. निहारला विचारलं तर तो म्हणाला, "मी सही करणार आहे. पुढचं माझ्या हातात नाही."

तिनं साइटवर सगळी हकिगत लिहिली, रुग्णालयाचं नाव न घेता. कादंबरीला वेगळं पत्र पाठवलं. त्यावर त्या बाईंचं उत्तर आलं, 'मी दहा वर्षं घरी होते ताई, आता पुन्हा शिकतेय. विचारू की नको म्हणून दोन दिवस थांबले होते. पुढच्या वेळी थांबणार नाही.'

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी शैलेंद्र सेरंगूनच्या मॉलमधल्या फूडकोर्टमध्ये भेटला. तिनं त्याला प्रथमच पाहिलं. उंच, थोडा वाकून चालणारा, डोळ्यांखाली काळं. रुग्णालयानं ॲप काढून टाकलं नव्हतं, पण महिनाभर नर्स फोन करतीलच असं ठरवलं होतं. त्याच्या कंपनीला त्यांनी तीन प्रश्न लेखी विचारले होते. तिसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ॲपमधला कोणता कोड तुम्ही स्वतः लिहिला आणि कोणता बाहेरून आणला?

"तुमच्या साइटवरून काय काय घेतलंय याची यादी केलीय," तो लॅपटॉप उघडत म्हणाला. "सहा टिपा निघाल्या."

अनुयानं कॉफीचे कप बाजूला सारून जागा केली.

"प्रत्येकीला तीन तारखा द्यायच्या," ती म्हणाली. "एकतीस डिसेंबर, एकोणतीस फेब्रुवारी, आणि फोनचं घड्याळ चुकलेला कुठलाही दिवस. पहिली कोणती आहे?"

"बावन्नावी. फॉर्म जपायची."

"उघडा," ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्या बाजूला ओढून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.